निरोप देऊन झाल्यावर

आप्पा एवढ्यात काही जात नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की थोरल्या सुनेला सगळ्यांच्या वतीने लाज वाटली.

सगळे तयारीनिशी आले होते. सकाळी हॉस्पिसमधून, शेवटच्या आजारातल्यांना ठेवतात तिथून, फोन आला होता, "घरच्यांशी जरा बोलायचंय, सगळेच या." तेवढ्यावरून ज्याने त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. परदेशातून आलेल्या वन्संनी परतीचं तिकीट पुन्हा एकदा पुढे ढकललं आणि काळा चष्मा लावून, पर्समध्ये रुमालांची चवड कोंबून त्या हजर झाल्या. थोरलीच्या नवऱ्याने, दादाने, गादी कारखान्याचं शटर ओढलं. धाकटा दीर पन्नाशी उलटली तरी सगळ्यांचा बाळूच राहिला होता. त्याने आपली फोमची शोरूम बंद ठेवली. बाळूची बायको, धाकटी, तर येता येता फुलांची चौकशी करून आली होती. आणि आता मुलीच्या वयाची ती डॉक्टरीणबाई समोर बसून चक्क हसत होती.

"म्हणजे बरे झाले?" दादाने विचारलं.

"बरे नाहीत. आजार जिथे आहे तिथेच आहे, तो जाणार नाही. पण दुखणं आटोक्यात आलंय, उलट्या थांबल्यात, झोप लागतेय. काल त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या मास्तरांचं आइस्क्रीमसुद्धा खाल्लं. मास्तर अजून रागावलेत."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की आता फार नाही..." वन्संनी चष्मा काढला.

"म्हणाले होते, आणि तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण दुखणं थांबलं की कधीकधी माणूस पुन्हा उभा राहतो. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. आठवडे असतील, महिने असतील. ते घरी राहू शकतात. आमच्या सिस्टर घरी येत जातील, औषधं कशी द्यायची ते शिकवतील, आणि रात्री-अपरात्री फोन केलात तरी कोणीतरी उचलेल."

"घरी?" दादा आणि बाळू एकदम म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत दोघांच्या तोंडून एक शब्द एका वेळी निघायची ही पहिलीच वेळ. दोघांनाही ते लक्षात आलं आणि दोघांनीही दोन वेगळ्या खिडक्यांकडे तोंडं फिरवली.

"अहो, पण आमचं सगळं बोलून झालंय!" वन्सं कळवळून म्हणाल्या. "आम्ही निरोप घेतलाय त्यांचा!"

डॉक्टरीणबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "चालेल. निरोप वाया जात नाही."

थोरलीला मात्र कळत होतं की वन्सं काय म्हणताहेत. आप्पांना इथे आणलं तेव्हा ते माणसात नव्हते. दादाचा तर आणायलाच विरोध होता. तो हॉस्पिस हा शब्दही उच्चारायचा नाही, 'ती जागा' म्हणायचा. "त्या जागी नेलं की संपलंच," असं म्हणत त्याने आणखी दोन हॉस्पिटलं पालथी घातली, आणि दोन्हीकडून परत पाठवल्यावरच तयार झाला. त्यातही मॉर्फिनचं नाव निघाल्यावर त्याने गंभीरपणे विचारलं होतं, "पण सवय लागली तर?" एक्क्याऐंशी वर्षांच्या, काडी झालेल्या बापाकडे बोट दाखवून. डॉक्टरीणबाई त्या वेळी मात्र हसल्या नव्हत्या. न दुखण्याची सवय लागली तर लागू दे, एवढंच म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात आप्पा नुसते पडून होते. तेव्हा सिस्टरने सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की जाणाऱ्याचा जीव कधीकधी घरच्यांत अडकतो; त्यांना सांगा, आमची काळजी करू नका. मग एकेक जण आत गेला. वन्सं बराच वेळ आत होत्या आणि त्यांचं रडणं कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आलं. धाकटी चटकन बाहेर आली. थोरलीने आप्पांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आप्पा, तुम्ही निवांत जा. मी बघते सगळ्यांचं."

आणि शेवटी दोघे भाऊ. फोम चांगला की कापूस, या एका प्रश्नावरून ते दोघे वेगळे झाले होते. दादाला फोम म्हणजे बापाशी बेइमानी वाटायची. बाळूला कापूस म्हणजे पाठीला शिक्षा वाटायची. एकदा भर बाजारात बाळू दादाच्या गादीला 'दगड' म्हणाला, दादा बाळूच्या गादीला 'पाव' म्हणाला, आणि तेव्हापासून बोलणं बंद. त्या दिवशी आप्पांनी डोळे उघडले, दोघांचे हात आपल्या पोटावर ठेवले आणि म्हणाले, "एका छपराखाली बसा दोघं. मला शब्द द्या." दोघांनी ढसाढसा रडत शब्द दिला. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

आता तो माणूस मरत नव्हता.

* * *

कॉरिडॉरमध्ये बाक होते, पण कोणी बसलं नाही.

"आमच्या जिन्याचं काय करायचं?" दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "दोन मजले आहेत. लिफ्ट असलेल्या घरी नेलेलं बरं, असं माझं मत."

"वहिनी, त्याला सांगा," बाळू थोरलीला म्हणाला, "की लिफ्टवाल्या घरात दिवसभर चिटपाखरू नसतं."

"चिटपाखरू नाही, पण मांजर आहे," धाकटी म्हणाली. "आप्पांना मांजर चालत नाही. मांजरालाही आप्पा चालत नाहीत."

"मी नेलं असतं," वन्सं म्हणाल्या, "पण विमानात एवढा वेळ बसवणार नाही त्यांना."

वन्संनी पुन्हा चष्मा लावला.

"आणि दुसरी गोष्ट," दादाने आवाज खाली आणला, "ते पहिल्याच दिवशी विचारणार. छपराचं. आता खरं सांगायचं तर त्या वेळची परिस्थिती वेगळी होती."

"म्हणजे ते मरणार होते," थोरली म्हणाली.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

दादाने खिशातून किल्ल्या काढल्या, बघितल्या आणि परत ठेवल्या. बाळूला हसू आलं, पण दादाच्या फजितीवर हसावं तर आपलीही फजिती तीच आहे, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खोकला.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने भुवया उडवल्या. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं तरी या दोघींचं कधीच बंद पडलं नव्हतं. दुपारी दुकानं जोरात असली की एकीने दुसरीला फोन लावायचा, असा त्यांचा नेम होता. भांडण ज्यांचं त्यांनी सांभाळावं, आपण त्यात कशाला वेळ घालवायचा, यावर दोघींचं पहिल्यापासून एकमत होतं.

"आधी त्यांना भेटू तर," धाकटी म्हणाली.

आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. एका हाताने गादीचा कोपरा चाचपत होते. जन्मभर गाद्या भरलेल्या माणसाला गादीवर नुसतं पडून राहता येत नाही.

"सगळेच आलात?" त्यांनी विचारलं. "आज कोण गेलं?"

"आप्पा!" वन्सं धावल्या. "तुम्हाला घरी सोडताहेत!"

"कळलं मला. आणि तुमची तोंडं बघून तुम्हालाही कळलेलं दिसतंय." आप्पांनी कोपरा सोडला. "मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. इथे गादी रद्दी आहे, पण बाकी झकास आहे. सकाळी सिस्टर येते आणि विचारते, आप्पा, आज काय करावंसं वाटतं? घरी मला हे कोणी कधी विचारलंय? इथे मास्तर आहेत, पत्ते आहेत."

"हे पत्त्यांत लबाडी करतात," पलीकडच्या पलंगावरून मास्तर म्हणाले. "घेऊन जा खुशाल."

"आणि घरी कशाला येऊ?" आप्पांचा आवाज चढला. "एकेकाने येऊन मला सांगितलंय, आप्पा, जा. मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. ही रडत रडत जा म्हणाली. धाकट्या सूनबाईने घाईत सांगितलं. थोरलीने तर कानाशी येऊन सांगितलं, म्हणजे चुकायला नको. एकानेसुद्धा म्हटलं नाही की आप्पा, थांबा जरा."

दादाला पलंगाखालच्या चाकात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. बाळूने मोबाइल काढला.

"सिस्टरनेच सांगितलं होतं तसं म्हणायला," धाकटी पुटपुटली.

"सांगितलं होतं, मान्य. पण एवढ्या मनापासून?"

मास्तरांनी इतक्या मोठ्याने हसायला सुरुवात केली की त्यांना ठसका लागला, सिस्टर धावत आली आणि खोलीत फार गर्दी झाली म्हणून तिने सगळ्यांना बाहेर काढलं. थोरली तेवढी पाण्याचा ग्लास हातात असल्यामुळे राहिली.

तिने ग्लास आप्पांना दिला. ते पाणी पिईपर्यंत तिने उशी सारखी केली. मग म्हणाली, "मी मनापासूनच म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"तुमचं ओरडणं ऐकवत नव्हतं, आप्पा. घरी त्या शेवटच्या दिवसांत मी उशीत तोंड खुपसून झोपायचे. मला वाटलं, सुटलेले बरे. तुम्ही, आणि आम्हीही. खोटं कशाला बोलू?"

आप्पांनी ग्लास खाली ठेवला. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उलट सैल पडला.

"माझे वडील पोटाच्याच दुखण्याने गेले," ते म्हणाले. "घरीच. डॉक्टर म्हणाला, सहन करा, दुसरं काही नाही. ते ओरडायला लागले की आई आम्हा पोरांना खाली पाठवायची आणि सांगायची, कापूस पिंजायचं मशीन लावा. काम नसलं तरी लावा. ते मशीन केवढा आवाज करायचं, तुला माहीत आहे. आम्ही रिकामं मशीन चालवत बसायचो. मला अजून त्या मशीनच्या आवाजात ते ओरडणं ऐकू येतं, आणि जन्म त्याच्यातच गेला."

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याच मशीनपाशी ती खोळी शिवत बसली होती.

"मग तुझ्या सासूची पाळी आली. तोपर्यंत सुधारणा झाली होती. अतिदक्षता. मोठं हॉस्पिटल, काच, नळ्या. संध्याकाळी काचेतून बघायचं. शेवटी ती काहीतरी म्हणत होती, पण नळीमुळे तोंडच हलेना नीट. मी बाहेरून मान हलवली. हो, हो म्हणालो." आप्पा थांबले. "कशाला हो म्हणालो, ते आजपर्यंत कळलेलं नाही. काय कबूल करून बसलोय कोण जाणे."

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. आप्पाही किंचित हसले.

"मरायची मला भीती नाही गं. त्या दोन तऱ्हांची आहे. इथे आलो तर तिसरीच तऱ्हा. औषध देतात, वर विचारतात, कमी झालं का? नाही झालं तर परत येतात. आता तुमच्याकडे आलो आणि पुन्हा सुरू झालं, तर तुम्ही काय करणार? खाली मशीन लावणार?"

एवढा वेळ चाललेला पत्त्यांचा आणि गादीचा तमाशा कशासाठी होता, ते आत्ता तिला कळलं. उगाच धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने थोडा विचार केला.

"मशीन बंद ठेवू," ती म्हणाली. "औषध द्यायला मी शिकते. आजच. नाही जमलं तर सिस्टरला फोन लावीन, ती येईपर्यंत तुमच्यापाशी बसेन. तरी नाही थांबलं तर परत इथे आणेन. आणि घरी रोज सकाळी काय करावंसं वाटतं, ते विचारेन. ते तुम्हाला मिळेलच असं मात्र नाही."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पण हो म्हणाले नाहीत.

बाहेर गडबड झाली. दारासमोरून स्ट्रेचर गेला. त्यावर एक चाळिशीचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. मागून त्याची बायको धावत होती; एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. कॉरिडॉरच्या वळणावर स्ट्रेचर थांबला. सिस्टर कोणाला तरी हळू आवाजात सांगत होती की पलंग दुपारपर्यंत रिकामा होईल, तोवर इथेच सुई देऊ. कण्हण्याचा आवाज येतच राहिला.

आप्पांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"सूनबाई, माझ्या चपला कुठे आहेत?"

"कपाटात. का?"

"का काय? चल. त्या पोराला टेकू दे." सिस्टर आत आली तेव्हा ते पाय खाली सोडून बसलेच होते. तिला म्हणाले, "ही गादी डाव्या अंगाला दबली आहे. त्याला उजव्या कुशीवर निजवा."

* * *

कुठे न्यायचं ते जावांनी परस्पर ठरवलं. जिना नको आणि मांजरही नको, म्हणून तळमजल्यावर, खुद्द गादी कारखान्यात. पुढच्या खोलीतला माल मागे सरकवला, पलंग आला. दादाने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण तोवर धाकटीने पडदे लावलेसुद्धा होते.

खरी पंचाईत निराळीच निघाली. आप्पांच्या अंगावर मांस उरलं नव्हतं, पाठीला जखमा होतील, त्यांना एअर मॅट्रेसच लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पंपावर चालणारी. तीन पिढ्यांचा कापूस रचलेल्या कारखान्यात, ज्याने तो भरला त्या माणसाने हवेवर निजायचं! आप्पा दोन दिवस ऐकेनात. "हवा काय, फुकट मिळते," असं म्हणत राहिले. शेवटी ती गादी आणायची कोणी, तर शहरात तिची एजन्सी होती बाळूकडे.

बाळू ती खांद्यावर घेऊन उंबऱ्यापाशी उभा राहिला. दादा आत उभा होता.

"आत ये," दादा म्हणाला. नंतर घाईने पुढे म्हणाला, "गादी आण."

गादी पसरली, पंप घुरघुरायला लागला, आणि कळलं की तिच्यावर नेहमीची चादर टिकत नाही, सारखी निसटते. दादाने टेप काढला, माप घेतलं आणि मऊ सुती कापडाची खोळ शिवायला बसला. कोपऱ्यात नळीसाठी फट ठेवायची होती. फट उजवीकडे की डावीकडे, यावरून पहिलं भांडण झालं. थोरली स्वयंपाकघरात होती. खालून आवाज चढलेले ऐकून ती जिना उतरली, तर तिथे आप्पा खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते, मॅच बघावी तसे.

"मधे पडू नकोस," ते तिला म्हणाले.

त्या रात्री आप्पा हवेवर गाढ झोपले. सकाळी थोरलीने विचारलं, कशी वाटली? त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं, "खोळ चांगली आहे."

वन्सं परत गेल्या. विमानतळावर जाण्याआधी त्यांनी निरोप घेतला, आणि मग दर रविवारी मोबाइलवर घेत राहिल्या. आप्पाही प्रत्येक वेळी तितक्याच गांभीर्याने देत. एकदा त्यांना डुलकी लागली होती, तर वन्संनी निरोप धाकटीजवळ ठेवला.

सगळे दिवस हसण्याचे नव्हते. एका दुपारी दुखणं असं उसळलं की आप्पांनी थोरलीच्या मनगटावर नखं रुतवली. तिने फोन लावला, सिस्टरने सांगितलं तेवढं जादा औषध दिलं आणि शेजारी बसली. दादाने जाऊन मागच्या मशीनचा खटका काढून ठेवला. हळूहळू आप्पांची बोटं सैल झाली. डोळे उघडून त्यांनी कानोसा घेतला. कारखान्यात पंपाचीच तेवढी घुरघुर होती.

छपराचं आप्पांनी एकदाही विचारलं नाही. दोन दुकानांची एक पाटी झाली नाही, ती पुढेही कधी होणार नव्हती. पण पंप रोज तपासायला हवा, असं बाळूने स्वतःच ठरवून टाकलं, आणि पंप तपासायला किती वेळ लागतो हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

पुढे एका दुपारी थोरली चहा घेऊन खाली आली. आप्पा पडले होते, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोघे भाऊ. विषय असा होता की आत फोम आणि वर कापसाचा थर, अशी गादी काढली तर चालेल का.

"चालणार नाही," दादा म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय सांगशील, पाव आहे की दगड?"

"ओरडू नकोस. झोपलेत ते."

दादाने आवाज उतरवला. दोघे आप्पांच्या अंगावरून एकमेकांकडे वाकून कुजबुजत्या आवाजात भांडायला लागले. थोरलीने ट्रे ठेवला आणि चादर सारखी करायला म्हणून हात पुढे केला. तिचा हात आप्पांच्या छातीवर थांबला. सिस्टरने तिला सगळं समजावून सांगितलं होतं, काय बघायचं, कसं ओळखायचं. तिने बघितलं. पाऊल धरून पाहिलं, ते गार होतं. चेहऱ्यावर कुठेही आठी नव्हती. ओठ थोडे उघडे होते, मधेच काही सुचवायचं राहून गेल्यासारखे.

ती सांगायला वळली.

"उन्हाळ्यात फोम तापतो," दादा कुजबुजला, "एवढं तरी मान."

"मानतो," बाळू म्हणाला. "पण कापूस गोळा होतो, हे तू मान."

दादाने खोळीची शिवण चाचपली. मग म्हणाला, "होतो थोडा."

"मग थर पातळ ठेवायचा."

"किती पातळ?"

दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. तिने आधी आप्पांकडे बघितलं, मग थोरलीकडे, आणि तिचा हात तोंडाशी गेला. थोरलीने ओठांवर बोट ठेवलं. मग पलंगाच्या पायथ्याशी जागा करून तिने धाकटीला बसायची खूण केली, आणि दोघी थर किती पातळ ठेवायचा ते ऐकत बसल्या.